काटापूजनाआधी एक बैठक : विदर्भातील जिनिंग-प्रेसिंग मालकांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे मालक, संचालक आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

दसरा आणि काटापूजन, म्हणजे हंगामाच्या पहिल्या खरेदीआधीची वजनकाट्याची पूजा, जवळ आले की आपल्या सगळ्यांच्या आवारात एकच लगबग सुरू होते. जिनच्या रोलरांवर नवे चामडे चढते, पट्टे ताणले जातात, काट्याची तपासणी होऊन शिक्का बसतो, कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेण्यासाठी बँकेत फेऱ्या होतात आणि मजुरांसाठी ठेकेदाराला उचल दिली जाते. या सगळ्या तयारीत, ज्यांच्या हातांवर पुढचे पाच महिने कारखाना चालणार असतो त्या माणसांशी बोलण्यासाठी मात्र एक तासही राखून ठेवलेला नसतो. हे पत्र त्या एका तासासाठी आहे. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये २४ हंगाम काम केले आहे. पहिली १७ वर्षे काट्यावर पावत्या लिहिण्यात गेली आणि गेली ७ वर्षे पर्यवेक्षिका म्हणून यार्डाची व प्लॅटफॉर्मची जबाबदारी माझ्याकडे आहे. मालकांची अडचण मला हिशेबाच्या वह्यांतून कळत आली आहे आणि मजुरांची रोज समोरून, त्यामुळे दोन्ही बाजूंना धरून बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी मानते.

आजकाल मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणांत ‘सर्वसमावेशक नेतृत्व’ हा शब्द वारंवार ऐकू येतो आणि आपल्यापैकी अनेकांना तो संगणकासमोर बसणाऱ्या, गळ्यात ओळखपत्र अडकवणाऱ्या लोकांचा विषय वाटतो. माझे म्हणणे असे आहे की त्याची खरी निकड आपल्यासारख्या कारखान्यांना आहे, कारण इथे मालक आणि मजूर यांच्यामध्ये ठेकेदार, मुकादम, फिटर, ग्रेडर अशी इतकी लांब साखळी असते की खालची गोष्ट वर पोहोचेपर्यंत तिच्यात काही उरलेले नसते. या शब्दाचा मला कळलेला अर्थ साधा आहे : निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडणार त्यांना आधी विचारणे, त्यांचे उत्तर त्यांच्या बोलीत ऐकून घेणे आणि त्या उत्तरामुळे आपला निर्णय बदलण्याची तयारी ठेवणे. ही शेवटची तयारी नसेल तर विचारणे आणि ऐकणे हा नुसता उपचार होतो. ८ मार्चला प्लॅटफॉर्मवर गुलाबाची फुले वाटली म्हणून ती तयारी येत नाही. मला हा अर्थ एका आगीने शिकवला. ती हकीकत मी इथे पूर्ण सांगणार आहे, कारण तिच्यात माझाही दोष आहे.

नऊ वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना होता. संक्रांतीनंतर आवक इतकी वाढली होती की गाड्यांची रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर गेली होती. दुपारी चारच्या सुमारास जिनांच्या रांगेखालची सरकी, म्हणजे कापसाचे बी, ओढणाऱ्या एक मावशी मुकादमाकडे गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, अकरा नंबरच्या जिनपाशी चामडं जळाल्यावानी वास येऊन रायला.’’ मुकादम म्हणाला, ‘‘मावशे, तू आपली सरकी पाय.’’ मावशी तिथून माझ्या काट्याच्या खिडकीशी आल्या. त्यांच्या केसांवर आणि भुवयांवर रुईचे तंतू चिकटलेले होते, पदर नाकाला लावलेला होता आणि त्या मशीनच्या दिशेने हात करून तेच मला सांगत होत्या. समोर शेतकऱ्यांची रांग होती, मला पावती पुरी करायची होती. मी मान वर न करता म्हणाले, ‘‘फिटरला सांगा.’’ फिटर त्या वेळी प्रेसच्या हायड्रॉलिक पंपात हात घालून बसलेला होता.

ज्यांनी जिन जवळून पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगते. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचे रोलर पोलादी सुरीला घासत फिरतात आणि रुई सरकीपासून ओढून वेगळी करतात. सुरीचा दाब वाजवीपेक्षा जास्त झाला किंवा कापसाबरोबर एखादा खडा, खिळा आत गेला, तर तिथे उष्णता धरते आणि रुईला ठिणगी लागते. ही ठिणगी लगेच पेट घेईल असे नसते. हवेच्या पाइपातून ती रुईबरोबर पाला हाऊसमध्ये, म्हणजे प्रेसला जाण्याआधी रुई साठवतात त्या खोलीत, जाऊन पडते आणि ढिगाच्या पोटात तासन्‌तास धुमसत राहते. वरून हात फिरवला तर ढीग थंडच लागतो. त्या दिवशी रात्री साडेनऊला पाला हाऊसच्या मागच्या कोपऱ्यातून धूर निघाला. सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही, पण पेटलेला ढीग फोडताना एका पोराचे दोन्ही तळहात भाजले आणि त्या हंगामात त्याला पुन्हा काम करता आले नाही.

चौकशी आठ दिवस चालली. वायरमनला विचारले, फिटरला विचारले, प्रेसमनला विचारले, चौकीदाराला विचारले. विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने मला विचारले की पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले, आणि मी चौकीदाराचे नाव सांगितले. मी खोटे बोलत होते असे मला त्या क्षणी वाटलेदेखील नाही. साडेपाच तास आधी एका बाईने येऊन मशीनचा नंबरसुद्धा सांगितला होता, ही गोष्ट माझ्या लेखी ‘लक्षात येणे’ या सदरात बसतच नव्हती. मावशी यार्डाच्या टोकाला बसून जळका कापूस आणि चांगला कापूस वेगळा करत होत्या आणि त्यांना कोणीही एक शब्द विचारला नाही. हे मला चार-पाच दिवसांनी रात्री झोपेतून उठल्यावर उमगले. त्यानंतर मी त्यांची माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘जाऊ द्या बाई, आमाले कोन इचारते.’’ त्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तेच मला जास्त लागले.

दोन वर्षांनी मालकांनी मला पर्यवेक्षिका नेमले. आमच्या भागात तोपर्यंत यार्डावर बाई नेमण्याची रीत नव्हती, त्यामुळे हा निर्णय घेणाऱ्या मालकांचे ऋण मी मोकळेपणाने मान्य करते. हातात अधिकार आल्यावर मी पहिल्याच आठवड्यात बायकांची बैठक बोलावली. ऑफिसात खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. बायका आल्या आणि खुर्च्या सोडून भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. मी आग्रह केला तेव्हा दोघी-तिघी खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि मी पाठ फिरवताच पुन्हा खाली उतरल्या. ‘‘काही अडचण आहे का?’’ असे विचारले तर सगळ्यांचे एकच उत्तर होते : ‘‘काही नाही जी, सगळं बराबर हाये.’’ दुसऱ्या बैठकीतही तेच झाले. तिसऱ्या वेळी मी खुर्च्या काढून टाकल्या, सतरंजी अंथरली आणि स्वतः खाली बसले. मुकादमाला बाहेर थांबायला सांगितले आणि ‘अडचण’ हा शब्द न वापरता विचारले की दिवसभरात पाठ कधी दुखायला लागते. त्यानंतर दीड तास बायका बोलत होत्या. ऑफिसातल्या खुर्चीवर सहज बसायला त्यांना पूर्ण एक हंगाम लागला. ‘आम्ही विचारले, पण मजूर काही बोलतच नाहीत’ असे जे व्यवस्थापक सांगतात, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी तिसरी बैठकही घेऊन पाहावी.

त्या दीड तासात निघालेली एक गोष्ट सांगते. कापसातला कचरा वेचणे हे बायकांचे मुख्य काम. पालापाचोळा आणि कवडी (किडका, कडक कापूस) वेचणे सोपे, पण केस, सुतळीचे तुकडे, खताच्या पिशवीचे पांढरे धागे, गुटख्याच्या पुड्या हे रुईत गेले की सूतगिरणीपर्यंत जातात आणि १७० किलोची अख्खी गाठ बदनाम करतात. आम्ही वेचणीचे काम शेडच्या आत, ट्यूबलाइटखाली, दुपारी ठेवले होते, कारण सकाळी गाड्या रिकाम्या करण्याची घाई असे. एक बाई म्हणाली, ‘‘पांढऱ्यात पांढरं दिसत नाई ना. सकायच्या उन्हात ढीग पसरवला तं पन्नी चमकते.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिच्याबरोबर पूर्वेकडच्या ओट्यावर उकिडवी बसले. ऊन तिरपे होते. तिने कापूस दोन हातांनी हलकेच झटकला आणि बोटभर लांबीचा, केसाइतका बारीक प्लॅस्टिकचा धागा क्षणभर काचेसारखा लकाकला. मी मान थोडी हलवली तर तो पुन्हा दिसेनासा झाला. त्याच आठवड्यापासून वेचणी सकाळी आठ ते साडेदहा पूर्वेच्या ओट्यावर सुरू झाली आणि गाड्या रिकाम्या करण्याचे वेळापत्रक त्याभोवती बसवले. खर्च शून्य होता. ही गोष्ट त्या बाईला नऊ वर्षांपासून ठाऊक होती. नऊ वर्षांत व्यापाऱ्यांनी भावात किती कपात केली असेल, याचा हिशेब आपण आपापल्या वह्या काढून करावा.

केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केल्यानंतर आपल्या धंद्यात यंत्रांचा कायापालट झाला, हे आपण सर्व जाणता. डोक्यावरून टोपल्या वाहण्याच्या जागी कन्व्हेअर आले, स्वयंचलित फीडर आले, नवे प्रेस आले, फरशी सिमेंटची झाली. पण काम करून घेण्याची पद्धत आजोबांच्या काळातलीच राहिली. हुकूम वरून खाली जातो आणि खालून वर फक्त हजेरीचा आकडा येतो. बायका सरकी दाताखाली फोडून तिच्या आवाजावरून कापसाचा ओलावा सांगतात, आणि त्यांचा अंदाज मीटरच्या जवळपास येतो, हे मी कितीदा पाहिले आहे. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर भारतीय कपास निगम कापूस घेत नाही, इतकी ही गोष्ट पैशाची आहे. तरी खरेदीच्या वेळी त्या बाईला कोणी ढिगापाशी बोलावत नाही.

आमच्याकडे एक मुलगा कामाला आला. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. फिटरच्या हाताखाली काम करण्याची त्याची इच्छा होती, पण ‘भोंगा वाजला तर याला कळणार कसे’ असे म्हणून त्याला झाडू दिला गेला. आता जिनांच्या हॉलमध्ये उभे राहून आपण स्वतः विचार करावा. सगळ्या जिना चालू असताना तिथे चांगल्या कानांच्या माणसालाही भोंगा धड ऐकू येत नाही. सगळे जण हातवाऱ्यांनीच बोलतात, आणि त्या भाषेत तो मुलगा आमच्या सर्वांपेक्षा तरबेज होता. फिटरनेच शेवटी सुचवले की भोंग्याबरोबर लाल दिवा बसवू, म्हणजे याला दिसेल. चार कोपऱ्यांत चार फिरते लाल दिवे बसले. गेल्या वर्षी एका बेल्टमध्ये पोत्याची सुतळी अडकली, तेव्हा दिवा पाहून हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बायका सर्वांत आधी बाजूला झाल्या. सोय केली ती एकासाठी, आणि ती सगळ्यांच्या कामाला आली. तो मुलगा आज रोलरचे चामडे बदलण्यात पटाईत आहे.

मेळघाटातून येणाऱ्या कोरकू कुटुंबांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांच्याविषयी आपल्या धंद्यात जेवढे वाईट बोलले जाते तेवढे कोणाविषयी बोलले जात नाही. दिवाळीनंतर धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतून ही माणसे परतवाड्याच्या घाटाने खाली उतरतात आणि हंगामभर आपल्या आवारात, पत्र्याच्या खोल्यांत राहतात. दर वर्षी फाल्गुनात एका सकाळी खोल्या रिकाम्या दिसतात आणि ऑफिसात एकच वाक्य ऐकू येते, ‘पळाले.’ उचल बुडाली, मजूर बेभरवशाचे, पुढच्या वर्षी दुसरीकडून आणू. मीही हेच म्हणत असे. मग एका वर्षी आमच्याकडच्या एका कोरकू बाईला, जिला मराठी चांगली येत होती, मी बैठकीत दुभाषी म्हणून बसवले आणि तिच्या तोंडून कळले की होळी हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. होळीच्या दिवसांत गावी नसणे म्हणजे आपल्याच माणसांतून उठणे. त्यांनी मुकादमाकडे सुट्टी मागितली होती. मुकादमाने नाही म्हटले होते आणि ते आमच्यापर्यंत आलेच नव्हते. ज्याला आम्ही पळून जाणे म्हणत होतो, त्यांच्या दृष्टीने ते सांगून जाणे होते.

त्या वर्षी आम्ही हंगामाच्या आरंभीच ठरवले की होळीचे सहा दिवस दोन रांगा बंद राहतील, त्याच दिवसांत मशीनची मोठी दुरुस्ती होईल, आणि जाताना मजुरीचा हिशेब चुकता करून परतीचे गाडीभाडे दिले जाईल. हिशेब चुकता केला तर कोणी परत येणार नाही, असे सगळ्यांनी मला बजावले होते. गेलेल्यांपैकी परत न आलेले एकच कुटुंब होते, आणि त्यांच्या घरी बाळंतपण होते. आता ती माणसे दर वर्षी आपणहून आमच्याकडे येतात आणि ठेकेदाराला शोधत फिरावे लागत नाही.

हे सगळे वाचून मुकादम हाच खलनायक आहे असे कोणाला वाटत असेल, तर तो अर्थ माझ्या मनात नाही. माझ्या अनुभवात मुकादम हा या साखळीतला सर्वांत घाबरलेला माणूस असतो. वरून गाठींचा आकडा त्याच्या डोक्यावर बसलेला असतो, खालच्या माणसांना थोपवणे हेच त्याचे काम मानले जाते आणि एखादी तक्रार वर नेली तर ‘तुला माणसे सांभाळता येत नाहीत’ हे त्यालाच ऐकावे लागते. ‘तू आपली सरकी पाय’ असे म्हणणाऱ्या मुकादमाला त्या दिवशी अकरा नंबरची जिन बंद करण्याचा अधिकारच नव्हता. ती बंद केली असती आणि काही निघाले नसते, तर त्याचा रोज कापला गेला असता. म्हणून आम्ही नियम केला की संशय आला तर कोणीही, झाडू मारणारी बाईसुद्धा, मशीन बंद करायला सांगू शकते, आणि संशय खोटा निघाला तरी बंद करणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही. पहिल्या महिन्यात मशीन चार वेळा बंद झाले आणि चारही वेळा काही निघाले नाही. मालक अस्वस्थ झाले होते; तरीही त्यांनी शब्द मागे घेतला नाही. पाचव्या वेळी सुरीखाली नांगराच्या फाळाचा तुकडा निघाला.

पाण्याचा विषय थोडक्यात, पण स्पष्ट लिहिते. अजूनही काही आवारांत कोणाचा माठ कोणता, हे न सांगता ठरलेले असते आणि दुपारचे डबे उघडतात तेव्हा घोळके जातीप्रमाणे बसतात. घोळके आपण बदलू शकत नाही, पण माठ, नळ आणि पेले आपल्या पैशांनी आलेले असतात, आणि त्यांच्यावर कोणाची अघोषित मालकी चालू देणे हा व्यवस्थापनाचा निर्णय असतो, मग तो कोणी तोंडाने घेतलेला असो वा नसो.

कायद्याचे म्हणाल तर तो या बाबतीत आपल्या फार पुढे आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्य समिती कल्पिलेली होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे ४३क हे कलम राज्यघटनेत आले. २०१३ च्या अधिनियमाप्रमाणे १० किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असली पाहिजे, तिची अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ महिला असली पाहिजे, निम्म्या सदस्या महिला असल्या पाहिजेत आणि एक सदस्य बाहेरचा असला पाहिजे. आपल्यापैकी किती जणांच्या कारखान्यात ही समिती फक्त फाइलमध्ये आहे, आणि तिच्यात कधी यार्डात पाऊलही न टाकलेल्या घरच्या सुनांची नावे आहेत, हे मी सांगण्याची गरज नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने स्त्रियांना सर्व प्रकारची कामे खुली केली आणि सायंकाळी सातनंतरच्या कामासाठी त्यांची संमती आवश्यक ठरवली. ही संमती छापील कागदावरच्या अंगठ्याने घ्यायची की रात्री दोन वाजता घरी जायला ऑटो कोणती, सोबत कोण, वाटेत उजेड आहे का, हे बसून विचारून घ्यायची, हे मात्र कोणताही कायदा आपल्यासाठी ठरवू शकणार नाही.

आणि ही मागणी आपल्या मातीत नवी नाही. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे भाषण केले होते. त्या परिषदेत कामगार स्त्रियांसाठी रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन यांबरोबर एक ठराव असाही झाला होता की गिरण्यांतल्या स्त्री कामगारांवर देखरेख करण्यासाठी स्त्रियाच नेमाव्यात. मी २०१० च्या दशकात पर्यवेक्षिका झाले, तेव्हा आमच्या पंचक्रोशीत ती नवलाची गोष्ट ठरली. नागपूर आमच्यापासून किती दूर आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

आपली अडचण मी जाणते. वर्षातले सात-आठ महिने मशीन बंद, विजेचा किमान आकार बाराही महिने, रुई आणि सरकीच्या भावात कापसाची खरेदी बसत नाही असे आठवडेच्या आठवडे, आणि पाच महिन्यांत वर्षाचा खर्च काढायचा. अशा वेळी ‘प्रत्येकाला विचारत बसलो तर गाठी कधी बांधायच्या’ हा प्रश्न आपण प्रामाणिकपणेच विचारता. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव आपल्याच विदर्भात आहे. तिथली ग्रामसभा बहुमत न मोजता सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि त्याच वाटेने चालत त्या गावाने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. सहमतीला वेळ लागतो, हे खरे. पण एकदा झालेला निर्णय राबवून घेण्यासाठी तिथे कोणाला हाकारे घालत फिरावे लागत नाही. आपल्याकडे निर्णयाला पाच मिनिटे लागतात आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यात मुकादमाचा हंगाम जातो. कारखाना म्हणजे ग्रामसभा नव्हे आणि भांडवलाची जोखीम मालकाची असते, हे मला मान्य आहे. अखेरचा शब्द आपलाच राहू द्यावा. तो उच्चारण्याआधी कोणकोण बोलले, एवढेच मी विचारते आहे.

मजुरांच्या बाजूनेही यात पणाला लागते ते साधे नाही. आमच्याकडच्या दोन बायकांना रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती जड वाटत असे आणि दम लागत असे. त्या उपवासाला, थंडीला, वयाला दोष देत होत्या. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारात, ज्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हेच होते. बैठकीत एकीने सांगितले म्हणून दुसरी बोलली, आणि दुसरी बोलली म्हणून आम्ही त्यांना डॉक्टरांकडे पाठवले व धुळीच्या जागेवरून हलवले. ही बैठक नसती तर त्या आणखी किती हंगाम धापा टाकत राहिल्या असत्या, हा विचार मला सुखाने बसू देत नाही.

म्हणून माझी विनंती एकच आहे. या वर्षी काटापूजन होईल, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला शेला-श्रीफळ दिले जाईल, त्याच्या आदल्या दिवशी मजुरांची बैठक घ्यावी. मालकांनी स्वतः यावे, कारण मालक आले नाहीत तर त्या बैठकीची किंमत बायकांना लगेच कळते. सकाळची वेळ ठेवावी. संध्याकाळी गावाकडची ऑटो चुकेल या धाकाने कोणी बोलत नाही. त्या दिवसाचा रोज द्यावा. चहा आधी द्यावा, शेवटी नव्हे, म्हणजे उठण्याची घाई होत नाही. कोरकू, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारी माणसे असतील तर त्यांच्यातलाच कोणी दुभाषी आधी ठरवावा, आणि तो मुकादमाचा नातेवाईक नसावा. जे सांगितले जाईल ते एका वहीत लिहावे, आणि ती वही पुढच्या महिन्याच्या बैठकीत सर्वांसमोर मोठ्याने वाचावी : यातले एवढे झाले, एवढे झाले नाही, आणि का झाले नाही.

आमच्या वहीत गेल्या वर्षीची एक नोंद अजून तशीच आहे. बायकांनी ओट्याच्या कडेला बसायला लाकडी पाट मागितले होते आणि ते काम माझ्याकडे होते. सुताराला सांगितले आहे. काटापूजनाआधी पाट येतील.

आपली विश्वासू,
एका जिनिंगमधील पर्यवेक्षिका,
जिल्हा अमरावती